बिनमाणसाचं उड्डाण

माणूस नसलेलं विमान आभाळात गेलं आणि सुखरूप खाली उतरलं, ही बातमी आमच्या खोलीत माझ्या रेडिओने आणली. त्या दिवसापासून आमच्यापैकी एकाचंही डोकं ठिकाणावर राहिलं नाही.

साल अठ्ठ्याऐंशी, नोव्हेंबरचा महिना. बहरीनमध्ये, मुहर्रकला विमानतळाच्या मागे एका जुन्या घरात आम्ही तिघं राहत होतो. मी विल्फ्रेड, वसईचा, विमानतळावर कार्गो ऑफिसात कारकून. इक्बाल महाडचा, एका हॉटेलात आचारी. आणि महादेव कोरेगावकडचा, गोड्या पाण्याचा टँकर चालवायचा. वयाने मी सगळ्यांत मोठा, म्हणून रेडिओ माझा आणि रेडिओवर काय लावायचं हा हुकूमही माझा. संध्याकाळी शॉर्टवेव्हवर मॉस्कोहून मराठीत बातम्या लागत. वसईचा माणूस मुहर्रकला बसून रशियातलं मराठी ऐकतो, याची इक्बाल फार चेष्टा करायचा. करू दे. दिवसभर अरबी, इंग्रजी आणि हिंदी ऐकून कान विटले की मराठी कुठूनही आलं तरी गोड लागतं.

त्या दिवशी निवेदिका सांगत होती की रशियाचं नवीन अंतराळयान पृथ्वीला दोन फेऱ्या मारून, जिथून उडालं तिथेच धावपट्टीवर उतरलं. ऑक्टोबरात एकदा शेवटच्या मिनिटाला यंत्रांनीच उड्डाण थांबवलं होतं. या वेळी मात्र सगळं व्यवस्थित झालं. आणि यानात एकही माणूस नव्हता.

"एकही नाही?" इक्बालने कांदा कापायचा थांबवला. "मग ब्रेक कुणी मारला?"

"यंत्राने."

"चल, काय तरी सांगतोस. आत कुणीतरी लपवला असेल. मेला असता तर बोलले नसते, जगला म्हणून पण बोलत नाहीत. सरकारी काम आहे."

मी त्याला समजावलं की रशियावाले पूर्वीपासून असंच करतात. नवीन यान आधी रिकामं पाठवायचं, नाहीतर आत कुत्रा बसवायचा, नाहीतर माणसाच्या मापाचा पुतळा. ते नीट परतलं की मगच माणूस चढवायचा. इक्बाल म्हणाला, पुतळा बसवायचा तर लायसन्स कुणाचं? मी रेडिओचा आवाज वाढवला. मूर्खाशी वाद घालण्यात मला रस नाही, फक्त सवय आहे.

महादेव मात्र गप्प बसून ऐकत होता. त्याला ही गोष्ट एकदम पटली. टँकरचं कसलंही काम निघालं, नुसता पट्टा बदलला तरी तो आधी रिकामा टँकर हिद्दच्या रस्त्याने एक चक्कर फिरवून आणायचा आणि मगच पाणी भरायचा. सुपरवायझर डिझेलवरून ओरडायचा, पण महादेव ऐकायचा नाही. ताकसुद्धा फुंकून पिणारा माणूस तो.

"बराबर हाय त्येंचं," तो म्हणाला. "आधी रिकामी फेरी. मग भरायचं."

हे बोलणं त्याच्या लग्नावर येऊन आदळेल असं तेव्हा आम्हाला वाटलं नाही. त्याचं लग्न तोंडावर आलं होतं. त्याची बॅग भरून कॉटखाली ठेवलेली होती. मुलगी जवळच्याच गावची, मथुरा नावाची. त्याने तिला पाहिलेलं नव्हतं आणि तिने त्याला. फोटो इकडून तिकडे गेले होते, तेवढंच. घाई होती ती एका गोष्टीची. महादेवचे वडील गेल्या मार्गशीर्षात वारले होते. त्यांच्याकडे घरातला कर्ता माणूस गेला की वर्षाच्या आत लग्न उरकतात, नाहीतर पुढे तीन वर्षं थांबतात. म्हणून तुळशीचं लग्न लागलं की लगेच महादेवचं लावायचं ठरलं होतं.

आणि बातमीनंतर दोनच दिवसांनी कंपनीने त्याची रजा रद्द केली. हमद टाउनमध्ये नवीन घरं उघडत होती, पाणी हवं होतं, एक ड्रायव्हर काविळीने पडला होता. सुपरवायझरने हात झटकले. "मफी रजा, रजा नाही. मार्चमध्ये बघू, इंशाल्ला."

महादेवने घरी तार केली. तिसऱ्या दिवशी माझ्या ऑफिसात त्याच्यासाठी फोन आला. गावाकडच्या माणसांना माझ्या ऑफिसचा नंबर आम्ही देऊन ठेवला होता. कोरेगावातल्या एका कापडाच्या दुकानातून त्याचे चुलते दाजी बोलत होते. दाजी अशा आवाजात बोलायचे की फोन नसता तरी ऐकू आलं असतं.

"आरं, मांडव पडलाय, आचारी ठरलाय, पावनं यायला लागल्यात! तीन वर्सं कोन थांबतंय? पोरीच्या बापाला काय सांगू?"

"मग काय करायचं, दाजीकाका?"

"खांडा लावायचा! आपल्यात पूर्वी पलटनीत गेलेल्या गड्याचं लगीन खांड्याशी लागायचं. तू बी पलटनीत गेलाईस असं समज. घरात तलवार हाय, दसऱ्याला नुसती पुजायला काढतूय. तिला तुझ्या जागी हुबी करतो."

महादेवने बोटांवर मार्चपर्यंतचे महिने मोजले. मग म्हणाला, "आन मी आल्यावर?"

"तू आलास की परत हळद लावू, परत अक्षता टाकू! हौस करू की."

या वाक्याने सगळा घोटाळा केला. महादेवच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. तो म्हणाला, "लावा मग." फोन ठेवून माझ्याकडे वळला आणि समाधानाने म्हणाला, "झ्याक झालं, विल्फ्रेडभाऊ. आधी रिकामं, मग मी."

मला तेव्हाच विचारायला हवं होतं की बाबा, तुला नक्की काय कळलंय. पण कार्गोवाले माझ्या डोक्यावर बसले होते. शिवाय दुसऱ्याच्या लग्नात वसईकराने किती नाक खुपसायचं, यालाही मर्यादा आहे.

लग्नाच्या दिवशी महादेव नेहमीसारखा टँकर घेऊन हमद टाउनला गेला. संध्याकाळी त्याने आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि कॉटवर बसून राहिला. इक्बालने बिर्याणी केली होती. महादेवने मिठाईचं खोकंही आणलं होतं, पण ते काही फोडेना.

"अरे, वाट की मिठाई," इक्बाल म्हणाला. "शादी झाली तुझी."

"झाली का पन?" महादेव म्हणाला. "ही तर ट्रायल हाय."

आम्ही दोघं हातातले घास तसेच धरून त्याच्याकडे बघत राहिलो. मग त्याने आम्हाला समजावून सांगितलं, जसं मी त्याला यानाचं सांगितलं होतं तसंच. खांडा म्हणजे रिकामी फेरी. मांडव, भटजी, पंगत, सगळं नीट चालतंय का बघायचं. मुहूर्ताची अडचण पण निघून जाते. मार्चमध्ये आपण गेलो की खरं लग्न. दाजीकाका स्वतःच म्हणाले ना, परत अक्षता टाकू? एकदा लागलेलं लग्न कुणी परत लावतं का?

बोलायला त्याचं बरोबर होतं. तीच तर पंचाईत होती.

इक्बाल म्हणाला, आमच्यात वकील ठेवून निकाह होतो, नवरा दुबईत असला तरी चालतो. पण नवऱ्याने कबूल म्हटलं पाहिजे. "तू कबूल बोललास?" महादेव म्हणाला, "मी 'लावा' म्हनलो." आता 'लावा' म्हणजे कबूल की नाही, यावर दोघांची अर्धा तास जुंपली. मी रविवारी चर्चमध्ये फादरना विचारलं. ते म्हणाले, माणसाच्या वतीने दुसरा माणूस उभा राहू शकतो, तशी सोय आहे, पण तलवारीबद्दल त्यांनी काही वाचलेलं नाही. मग म्हणाले, त्या मुलाला घरी जाऊन नीट लग्न कर म्हणावं. म्हणजे झालेलं नीट नव्हतं, असं महादेवने त्यातून घेतलं. मी मात्र घेतलं की फादरना जेवायला उशीर होत होता. तीन धर्मांची तीन उत्तरं झाली आणि मिठाईचं खोकं तसंच बंद राहिलं.

मग डिसेंबरात कॅसेट आली.

साताऱ्याकडचा एक सुतार रजेवरून परतला, त्याच्याबरोबर दाजींनी लग्नाची व्हिडिओ कॅसेट पाठवली होती. मुलगा बहरीनला म्हटल्यावर शूटिंग नको का? व्हीसीआर माझा होता, वसईला न्यायला घेतलेला आणि दोन वर्षं इथेच अडकलेला. शुक्रवारी दुपारी पडदे ओढून आम्ही तिघं बसलो. स्वतःचं लग्न पाहायला महादेव सर्वांत पुढे, पाय दुमडून.

आधी मांडव दिसला, मग बँड. मग दाजी आले, दोन्ही हातांत तलवार आडवी धरून. तलवारीला फेटा बांधलेला, मुंडावळ्या बांधलेल्या, गळ्यात हार. म्हणजे तलवारीला जिथे गळा असेल तिथे. शूटिंगवाल्याला फार उत्साह होता. तो दर थोड्या वेळाने तलवारीच्या अगदी जवळ जायचा, जणू ती आता लाजेल. इक्बाल हसून हसून लोळला. मीही हसलो. महादेवसुद्धा हसला. "बघा की, माझ्यापेक्षा रुबाबदार दिसतीया," म्हणाला.

मग अंतरपाट धरला. एका बाजूला पाटावर दाजींनी उभी धरलेली तलवार, दुसऱ्या बाजूला मथुरा. अंगाने बारीक, हिरवा चुडा, मान खाली. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, अंतरपाट बाजूला झाला. आणि तिने मान वर केली.

त्या क्षणी काय पाहायचं असतं, ते प्रत्येक नवरीला माहीत असतं. तिने समोर पाहिलं. समोर लोखंड होतं. तिचे डोळे क्षणभर इकडेतिकडे गेले, मग तिने नीट हार घातला. घसरत होता, म्हणून मुठीपाशी धरून बसवला. कुणीतरी बाई मोठ्याने हसली. मथुरा हसली नाही.

लोळणारा इक्बाल उठून नीट बसला.

पुढे सप्तपदी झाली. तलवारीच्या मुठीला शेल्याची गाठ मारून तिने होमाभोवती फेऱ्या घेतल्या. मग महादेवच्या घराचा उंबरा आला. तिने माप ओलांडलं. महादेवच्या आईने तिला जवळ घेतलं, आणि नवरा गेल्यापासून कधी हसली नसेल ती बाई हसली. शेवटी शूटिंगवाला घरात घुसला, तर मथुरा चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. पदर खोचलेला. या घरात ती आता राहणार आहे, हे तिच्या बसण्यावरूनच कळत होतं.

कॅसेट संपली. महादेव तरीही टीव्हीवरच्या पांढऱ्या मुंग्यांकडे बघत बसला.

"ती माझ्या घरात हाय," तो म्हणाला.

"मग कुठे असणार?" मी म्हणालो.

"आवं, पन तिला कुनी सांगितलंच न्हाई का, ट्रायल हाय म्हनून?"

मला त्याचा इतका राग आला की मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. डोक्यावरून एक विमान गेलं. राग त्याचाच होता की माझाही, ते मला सांगता येत नव्हतं. माझी सेलिन वसईला दोन-दोन वर्षं घर सांभाळते, आणि मी इथे बसून रशियाच्या बातम्या ऐकतो. पण महादेववर रागावून तरी काय करणार? त्याने कुणाला फसवलं नव्हतं. तो खरोखरच गोंधळला होता.

त्यानंतर त्याची दशा वाईट झाली. जेवताना हात थांबायचा. कुणी ड्रायव्हर 'मुबारक' म्हणाला की मागे वळून बघायचा. एकदा मला म्हणाला, "विल्फ्रेडभाऊ, मला बायको हाय का न्हाई, येवढंच कुनीतरी सांगा. असली तर आनंद हाय, नसली तर नसली. पन ती बिचारी आडकली म्हना की. मला बघितलं न्हाई, ऐकलं न्हाई, आन तिथं भाकऱ्या बडवतीया. तिला मी पसंत नसलो तर?"

"तिलाच विचार," मी म्हणालो.

एवढं सोपं उत्तर तीन धर्मांत कुणालाच सुचलं नव्हतं, हे मी जरा अभिमानानेच सांगतो.

तार करून दिवस आणि वेळ कळवली. मथुरेला घेऊन दाजी कोरेगावच्या त्याच कापडाच्या दुकानात येणार होते. माझ्या साहेबाने ऑफिसचा फोन वापरायची परवानगी दिली. महादेव टँकर बाहेर लावून आला. डिसेंबरातही त्याच्या कपाळावर घाम होता. ऑपरेटरने लाइन जोडली. आधी दाजींनी बहरीन हलवलं, मग तिकडे कुजबुज झाली, मग बारीक आवाज आला. महादेवने रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला होता, चावेल म्हणून असेल. त्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं.

"मी बोलतीया."

महादेवने माझ्याकडे पाहिलं. मी हाताने बोल, बोल केलं. आणि आपल्या बायकोशी आयुष्यातलं पहिलं वाक्य हा माणूस काय बोलला?

"रशियाचं एक विमान हाय," तो म्हणाला.

"काय?"

"रशियाचं. आभाळात गेलं हुतं. दोन चकरा मारल्या आन खाली आलं. आत मानूसच न्हवतं."

मी कपाळावर हात मारला. पण आता बांध फुटला होता. तो बोलत सुटला की आधी रिकामं पाठवायचं असतं, मग माणूस बसतो, तसंच हे लग्न, आपल्याला असं वाटलं होतं, कुणाला फसवायचं नव्हतं. "तवा तुमाला पसंत नसंल तर... म्हंजे तुमी आडकल्या असं समजू नका. मी दाजीकाकांला सांगतो. मला राग न्हाई."

लाइनवर नुसती खरखर. मला वाटलं ती रडतेय. ती रडत नव्हती, विचार करत होती.

"त्यात कुनीच न्हवतं?" तिने विचारलं.

"कुनीच न्हाई."

"मग खाली उतरल्यावर त्येला बघितलं कुनी?"

महादेवने रिसीव्हरवर हात ठेवून मला विचारलं. मॉस्कोच्या बाईने हे काही सांगितलं नव्हतं. "असतील की लोक," मी म्हणालो. "धावपट्टीवर उभे असतील."

"मानसं हुती म्हनं. खाली हुबी."

"कवाधरनं?"

"आं?"

"कवाधरनं हुबी हुती ती?"

महादेव पुन्हा माझ्याकडे बघायला लागला. मला काय माहीत? मी म्हणालो, "ऑक्टोबरपासून. तेव्हा उडालं नाही ना, तेव्हापासून वाट बघत असतील."

त्याने तसंच सांगितलं.

"मग तुमी मला काय इचारताय?" मथुरा म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण आता त्यात धार होती. "रिकामं हुतं ते तुमच्या बाजूनं. अंतरपाटाच्या हिकडं मी हुते न्हवं? हळद मला लागली. माप मी वलांडलं. तुमच्या आईला रोज रातच्याला मामंजींची आठवन येती, तवा जवळ मी बसती. माझी कसली ट्रायल? मी आख्खी आलीया. आता तुमाला यायचंय का न्हाई, ते तुमी सांगा."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागलो. खरं सांगतो, तिथून पळून जावंसं वाटत होतं, आणि एक शब्दही चुकवायचा नव्हता.

मग महादेवने रिसीव्हर कानाला घट्ट लावला, पाठ माझ्याकडे केली आणि हळूहळू बोलायला लागला. आधी 'तुमी' म्हणत होता, मग 'तू' म्हणायला लागला. म्हणाला, मथुरा, मी येतो. मार्चात न्हाई दिली रजा तर नोकरी सोडून येतो. मी तुझ्याकडं बघितलं, तू मान वर केलीस तवा बघितलं, आन त्या जाग्यावर मी पायजे हुतो. मला लाज वाटली. म्हणाला, मी दिसायला त्या तलवारीयेवढा न्हाई. मला बायको हाय, हे मला आत्ता कळलं. एवढं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. बोलून झाल्यावर तो उत्तराची वाट बघत थांबला.

उत्तर येईना. मी जवळ गेलो. रिसीव्हरमधून नुसता एकसुरी आवाज येत होता. लाइन कधी तुटली होती कोण जाणे, बहुधा त्याने बोलायला सुरुवात करायच्या आधीच.

"महादेव," मी म्हणालो, "अरे, तिकडे कुणी नाही."

त्याने रिसीव्हरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता हा खाली बसणार.

"परत लावा," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता लावा, विल्फ्रेडभाऊ. ती अजून दुकानातच हुबी असंल."

मी ऑपरेटरला नंबर सांगायला लागलो, पण दोनदा आकडे चुकलो. महादेवने माझ्या हातातून फोन घेतला आणि नंबर स्वतःच सांगितला.